डाव्या सीटवरची मळमळ

मी घाटकोपरला एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. शिकवणारा डाव्या सीटवर बसतो. त्याच्या पायाशी वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक असतो, म्हणजे शिकणाऱ्याने घोळ घातला तरी गाडी थांबवता येते. बायकांना शिकवायला बाईच हवी असते, त्यामुळे मला कधी कामाची ददात पडली नाही. नवशिक्यांना गाडीत मळमळतं. चालवणाऱ्याला गाडी लागत नाही असं म्हणतात, पण घाबरलेल्याला लागते. त्यांच्यासाठी डॅशबोर्डच्या कप्प्यात मी पिशव्या आणि आवळा सुपारी ठेवायचे. मला स्वतःला मात्र जन्मात कधी गाडी लागली नव्हती. रत्नागिरीला जाताना घाटात अख्खी बस ओकत असायची आणि मी खिडकीत बसून चणे खात असायचे. माझ्या पोटाचा मला गर्व होता म्हटलं तरी चालेल.

पन्नाशी जवळ आली आणि माझ्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, टाके सुकले आणि डॉक्टरांनी केमो सांगितली. आधी तीन-तीन आठवड्यांनी एक लाल औषध, ते संपलं की दर आठवड्याला दुसरं. हॉस्पिटल मुलुंडला होतं. केमोच्या खोलीत लांबलचक खुर्च्या होत्या, प्रत्येक खुर्चीत एक माणूस पाय पसरून बसलेला आणि प्रत्येकाच्या हाताला नळी. माझी नर्स केरळची होती, पण मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ बोलायची. तिने लाल औषधाची जाडजूड सिरिंज आणली आणि माझ्या तोंडात बर्फाचा खडा दिला. "चघळत रहा, तोंड येत नाही," म्हणाली. मी बर्फ चघळत ते लाल पाणी शिरेत जाताना बघत बसले.

त्या दिवशी काहीच झालं नाही. घरी येऊन मी वरण-भात खाल्ला आणि नवऱ्याला म्हटलं, "एवढंच होय? उगाच घाबरवतात लोकं."

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी कुकर लावला. शिटी झाली, भाताची वाफ खोलीत आली आणि माझ्या तोंडात खारट पाणी सुटलं. बाथरूमपर्यंत पोचायलाही मिळालं नाही. पुढचे दिवस कसे गेले ते सांगायचं तर उलटीचं सांगून उपयोग नाही. उलटी होऊन जाते. त्रास मळमळीचा. ती पोटात नसतेच, ती कपाळात असते, दातांत असते. साबणाला वास असतो, उशीच्या अभ्र्याला असतो, पाण्याला असतो. नवरा जवळ आला तरी मला त्याच्या शर्टातला कंपनीतल्या वंगणाचा वास यायचा. तो बिचारा आंघोळ करून यायचा, तर मग साबणाचा. शेवटी तो दारात उभं राहूनच माझ्याशी बोलायचा. लेक इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने कपडे भिजवायचा निळा टब माझ्या पलंगाखाली आणून ठेवला आणि म्हणाली, "आई, हा आता तुझा. आम्ही दुसरा घेऊ." मला हसू आलं आणि हसता हसता उलटी आली.

घर आमचं छोटं. दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर, चौथा मजला. सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर, पण स्वयंपाकघराचा ताबा सोडलेला नव्हता. रत्नागिरीकडच्या असल्यामुळे सुक्या मासळीशिवाय त्यांचं पान हलत नसे. रविवारी विहारातून वंदना करून आल्या की आधी जवळा भाजायला घ्यायच्या. कांदा, मिरची, वर कोकमाचं आगळ. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, एकही रविवार चुकलेला मला आठवत नाही.

पहिल्या केमोनंतर दोन रविवार गेले. समोरच्या शेजारीण बाई मला बघायला आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंचा डबा आमच्याकडेच आहे बरं का. जवळा, बोंबील, सगळं. त्या म्हणाल्या, सून बरी होईस्तोवर ठेवा."

मी उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. सासूबाई दुधी चिरत होत्या.

"आई, डबा शेजारी का दिलाय?"

"मला नको झालंय आता. ह्या वयात पचत नाय."

"खोटं बोलू नका. माझ्यासाठी बंद केलंत ना?"

त्यांनी दुधीवरून मान वर केली नाही. "तुला साध्या भाताने होतंय. जवळ्याने काय होईल?"

"उलटी होईल. झाली तर माझी मी निस्तरीन. हा आजार माझ्या अंगात आलाय आई, तुमच्या ताटात नाही आलेला. त्याला मी स्वयंपाकघरात पाट टाकून बसवणार नाही. डबा परत आणा."

"वेडी आहेस काय गं?"

"आणा म्हणते ना."

मला राग आला होता, आणि तो सासूबाईंचा नव्हता. माझ्या शरीराचं जे करायचं होतं ते आजाराने केलं, पण त्या म्हातारीच्या तोंडचा घास काढून घ्यायचा त्याला काय अधिकार? पुढच्या रविवारी त्यांनी जवळा भाजला. लेकीने मला आधीच वर गच्चीवर नेऊन बसवलं होतं. आमच्या गच्चीवरून विमानं खूप खालून जातात, चाकं बाहेर काढून, विमानतळाकडे उतरत. मी खुर्चीत बसून विमानं बघत होते. थोड्या वेळाने सासूबाई ताट घेऊन वर आल्या. एवढे जिने, गुडघे दुखत असताना. त्या आधी एका कोपऱ्यात थांबल्या, पदराचं टोक हवेत धरून वारा कुठून येतोय ते पाहिलं, आणि माझ्यापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला जाऊन बसल्या. तिथूनच म्हणाल्या, "येतोय का वास?"

"नाही येत. जेवा."

त्या जेवल्या. मी बघत होते. इतक्या दिवसांत कुणाला तरी पोटभर जेवताना बघून मला बरं वाटलं.

उपाय सांगणाऱ्यांची तर रीघ लागली. माझी नणंद बोरिवलीला राहते. जीव लावणारी बाई आहे, पण दुसऱ्याच्या आजारात ती फार रमते. ती बाटली भरून गव्हांकुराचा रस घेऊन आली. हिरवागार, गवताच्या वासाचा. डॉक्टरांनी मला कच्चं काही खाऊ-पिऊ नका म्हणून बजावलं होतं, कारण अंगातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या की साध्या जंतूनेही ताप येतो.

"वहिनी, डोळे मिटून घे," ती म्हणाली. "तू मनाने घेतलंयस म्हणून उलट्या होतात. मन घट्ट कर."

"मन घट्टच आहे. पोट सैल झालंय."

"माझ्या जावेच्या बहिणीला एकही उलटी झाली नाही. ती सकारात्मक होती."

"मग मी नकारात्मक आहे असं समज. रस तूच पी, इतक्या लांबून आणलायस."

ती रुसली. नवरा मला नंतर म्हणाला, जरा गोड बोलली असतीस तर काय झालं असतं. मी म्हटलं, गोड बोलायला तोंडाची चव जागेवर लागते. माझ्या तोंडात चोवीस तास पैसा ठेवल्यासारखी चव होती, पितळेची. त्यात गोडाला जागा नव्हती.

दुसऱ्या केमोच्या वेळी एक नवीनच प्रकार झाला. रिक्षा हायवेवरून मुलुंडकडे वळली, हॉस्पिटलची पाटी दिसली आणि मला उबळ आली. अजून सुई टोचलेली नव्हती. लॉबीत हात धुवायच्या औषधाचा वास आला आणि मी तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात ओकले. लाल रंगाचंही तेच. घरात कोकम सरबताची बाटली होती, ती मला लेकीला फडताळात आत ढकलायला सांगावी लागली. ट्रेनिंग स्कूलच्या गाडीवरचं लाल 'एल' अक्षर, शिकाऊ असल्याचं, ते डोळ्यांपुढे आलं तरी पोट ढवळायचं. माझ्या रोजीरोटीचं चिन्ह ते. मला शरम वाटली, आणि मग शरम वाटल्याचा राग आला.

त्या खेपेला उलट्या थांबल्याच नाहीत. उलटीवरची गोळी घेतली की गोळीच बाहेर पडायची. शेवटी घरच्यांनी मला परत हॉस्पिटलात नेलं आणि एक दिवस सलाईनवर ठेवलं. बाहेर आले तेव्हा साडीचा काष्टा घातल्यासारखी सलवार कमरेला गुंडाळावी लागत होती. केस तोवर गेलेच होते. केसांचं मला फारसं वाटलं नाही. टकलाला वास नसतो.

तिसऱ्या केमोच्या आधी डॉक्टरांची भेट होती. डॉक्टर तरुण, हुशार, आणि बाहेर इतके पेशंट की त्यांना मान वर करून बघायलाही फुरसत नव्हती. त्यांनी कॉम्प्युटरवर माझे रिपोर्ट पाहिले.

"छान. रक्त व्यवस्थित आहे. उद्या डोस घेऊ या. मळमळ?"

"खूप होते."

"होतं तेवढं. गोळ्या चालू ठेवा." आणि त्यांनी घंटी वाजवली.

नवरा फाईल उचलून दारापर्यंत पोचलासुद्धा. पुढचा पेशंट दारात आला. मी खुर्चीतून उठले नाही.

"अजून काही?" डॉक्टर म्हणाले.

"हो. मी उठणार नाही. तुम्ही ऐकून घेईपर्यंत."

"मावशी, बाहेर खूप लोक आहेत."

"दिसले मला. त्यांच्यातले निम्मे तुम्हाला 'ठीक आहे' म्हणून जातात आणि घरी जाऊन ओकतात, हेही मला माहीत आहे, कारण मी त्यांच्या शेजारी बसते. मी गाडी शिकवते डॉक्टर. क्लच अर्धवट दाबला की गिअर पडत नाही, नुसता आवाज होतो. तुम्ही माझं अर्धवट ऐकताय. पूर्ण ऐका, मग मी जाते."

नवऱ्याने फाईल छातीशी धरली होती आणि तो जमिनीकडे बघत होता. पुढचा पेशंट मागे सरला. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवरून हात काढले आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

मग मी सगळं सांगितलं. गोळी पोटात राहत नाही. सुई टोचायच्या आधीच, पाटी बघूनच उलटी होते. पाणी पिववत नाही. सलाईन लावावं लागलं. आणि असंच चालणार असेल तर उद्या मी येणार नाही. हे शेवटचं वाक्य मी ठरवून आणलं नव्हतं, तिथेच तोंडून निघालं. ते ऐकून नवऱ्याने पहिल्यांदा वर पाहिलं.

डॉक्टरांनी विचारलं, उलटी पहिल्या दिवशी जास्त की नंतर, गोळी घेतल्यावर किती वेळाने, झोप लागते का. मग लिहायला लागले. केमोच्या आधी घ्यायची एक कॅप्सूल. नंतरच्या काही दिवसांसाठी संध्याकाळची एक छोटी गोळी, तिने झोप येईल म्हणाले. आणि आदल्या दिवशी घ्यायची अजून एक, पाटी बघून होणाऱ्या उलटीसाठी. "ही उलटी खरी असते," ते म्हणाले, "मनाचे खेळ नाहीत. मेंदू शिकतो, की इथे आलं की त्रास होतो. हे तुम्ही आधीच सांगायला हवं होतं."

"आधीच सांगितलं होतं. तुम्ही तेव्हाही 'होतं तेवढं' म्हणालात."

त्यांनी कॉम्प्युटरवर मागच्या भेटीची नोंद उघडून पाहिली. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "उद्या ते तुला औषध देणारेत, त्यांच्याशी भांडलीस."

"भांडले नाही. बसून राहिले."

दुसऱ्या दिवशी नर्सला कुणीतरी सांगितलं असावं. ती सुई लावताना हसत होती. तिने तिच्या पद्धतीने शिकवलं. गरम अन्नाचा वास उठतो, म्हणून गार खायचं. पोट रिकामं ठेवायचं नाही, थोडं थोडं खात राहायचं, भूक नसली तरी. आणि केमोच्या दिवसात आवडीचा पदार्थ खायचा नाही, नाहीतर तो पदार्थ आयुष्यभरासाठी मनातून उतरतो. "नावडतं खा," म्हणाली, "गेलं तर गेलं." म्हणून मी फ्रिजमधला दहीभात, टोस्ट आणि उकडलेला बटाटा यांवर राहिले. तिन्ही मला आधीपासून आवडत नाहीत.

तिसरी केमो पहिल्या दोघींसारखी गेली नाही. मळमळ आली, पण दारात उभी राहिली, आत येऊन अंगावर बसली नाही. एकदोनदा उलटी झाली. दिवसभर झोप यायची आणि बद्धकोष्ठाने हैराण केलं. एक दार बंद केलं की दुसरीकडून काहीतरी यायचंच. पण मी पाणी पिऊ शकत होते, आणि ज्याला पाणी पिता येतं तो माणूस भांडू शकतो.

आता माझ्या शिकाऊ मॅडमचं सांगायला हवं. त्या एका सरकारी ऑफिसात होत्या, चोपन्न वर्षांच्या, लग्न केलेलं नाही. आमच्याकडे शिकायला आल्या तेव्हा गाडी आधीच घेऊन झाली होती. मी विचारलं, आधी शिकायचं नाही का? म्हणाल्या, "आधी शिकले असते तर गाडी घ्यायचं धाडस झालं नसतं. आता दारात उभी आहे, तिची लाज वाटून तरी शिकेन." मी त्यांना मॅडम म्हणायचे, त्या मला मॅडम. त्यांचं शिकणं अर्ध्यावर असताना माझा आजार निघाला. स्कूलच्या मालकांनी त्यांना दुसरा शिक्षक देऊ केला, तर त्या म्हणाल्या, मी थांबते.

तिसऱ्या केमोनंतर दोन आठवडे झाले आणि त्या घरी आल्या. सफरचंदं आणली नाहीत, सहानुभूती आणली नाही. चहा घेतला आणि म्हणाल्या, "मॅडम, मला चढावर गाडी थांबवून परत काढता येत नाही. स्वप्नात मागे जाते."

गच्चीवर दोन खुर्च्या टाकून मी त्यांना क्लच आणि ब्रेकचे पाय करायला लावले. "डावा हळू वर. अजून हळू. आता गाडी थरथरली. थरथरली का?" त्या गंभीरपणे म्हणायच्या, "थरथरली." सासूबाई पापड वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "ह्या दोघी खुर्चीवर बसून कुठे निघाल्यात?"

मला त्या दिवशी कळलं की मला काय हवंय. पुढच्या आठवड्यात रक्त तपासलं तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी अटी घातल्या. मास्क, काचा उघड्या, स्वतः चालवायचं नाही, ताप वाटला की सगळं सोडून यायचं. स्कूलचे मालक तयार होईनात. "मॅडम, तुम्हाला गाडीत काही झालं तर?" मी म्हटलं, "गाडीत लोकांना काही ना काही होतच असतं. पिशव्या कुठे ठेवतात ते मला माहीत आहे." त्यांनी शेवटी चावी दिली.

आम्ही सकाळी भांडुपच्या पंपिंग स्टेशनकडच्या रस्त्यावर गेलो. तो रस्ता मोकळा असतो, एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला तिवरं. तिथपर्यंत गाडी मालकांनी आणून दिली आणि ते चहाच्या टपरीवर थांबले. मॅडम उजवीकडे बसल्या, मी डावीकडे. माझे पाय माझ्या पेडलवर टेकले. डोक्याला सुती रुमाल, तोंडाला मास्क. मॅडमनी पहिला गिअर टाकला, गाडी निघाली, दुसरा, तिसरा. मी म्हणत होते, "आरसा बघा. परत बघा." माझा आवाज मला ओळखीचा वाटला, कितीतरी दिवसांनी.

मग ओहोटीच्या खाडीचा वास आला. चिखलाचा, कुजलेल्या पाल्याचा. मी इतकी वर्षं त्या रस्त्यावर शिकवलं, तो वास मला कधी जाणवला नव्हता. तोंडात खारट पाणी आलं. मी पिशवीसाठी हात पुढे केला आणि म्हटलं, "मॅडम, बाजूला घ्या."

मी माझा ब्रेक दाबायच्या तयारीत होते. पण गरज पडली नाही. मॅडमनी आरसा पाहिला, डावा इंडिकेटर दिला, वेग कमी केला, क्लच, ब्रेक, गाडी रस्त्याच्या कडेला सरळ लागली, हँडब्रेक ओढला. धक्का बसला नाही. तोपर्यंत त्यांना एकदाही अशी गाडी लावता आली नव्हती. मी मास्क काढून दार उघडलं आणि पिशवीत ओकले. कुणी फिरायला आलेले दोन गृहस्थ थांबून बघायला लागले. मॅडम खाली उतरून त्यांच्या आणि माझ्या मधे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय बघताय? शिकवणी चालू आहे." ते गेले.

मी चूळ भरली. मॅडम परत आत येऊन बसल्या. माझी पाठ चोळली नाही, घरी जाऊ या म्हणाल्या नाहीत. चावीला हात लावून त्यांनी विचारलं, "परत पहिल्या गिअरपासून ना?"

"हो. आधी इंडिकेटर."

आणि आम्ही रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आलो. मळमळ पूर्ण वेळ होती. तिला मी मागच्या सीटवर बसवलं होतं म्हणा ना. ती येऊ शकत होती, स्टिअरिंगला हात लावू शकत नव्हती.

लाल औषध संपलं आणि आठवड्याचं दुसरं औषध सुरू झालं. त्याने मळमळ फारशी होत नव्हती. मी खुशीत होते. मग पायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. एक दिवस जिना उतरून खाली आले आणि वॉचमन म्हणाला, "भाभी, एक चप्पल कहाँ गयी?" उजव्या पायातली चप्पल दुसऱ्या मजल्यावर निसटली होती आणि मला पत्ताच नव्हता.

मी तशीच, एका चपलेने, पायरीवर बसले. ब्रेक दाबलाय की नाही हे ज्या पायाला कळत नाही, तो पाय घेऊन मी कुणाच्या शेजारी बसणार? त्याच दिवशी मी मालकांना फोन करून सांगितलं की आता मी गाडीत बसणार नाही. ते म्हणाले, "काल तर भांडत होतात." मी म्हटलं, "जिद्द माझी आहे, रस्ता सगळ्यांचा आहे." डॉक्टरांनाही सांगितलं, या वेळी बसून राहावं लागलं नाही. त्यांनी स्वतःच विचारलं, बटणं लावता येतात का, चालताना तोल जातो का, आणि औषधाचं प्रमाण थोडं कमी केलं.

मॅडमना मी फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्याशिवाय मी नाही शिकणार."

"मग गाडी विका."

"असं काय बोलता?"

"दारात उभी आहे ना, लाज वाटत असेल तिला."

त्यांनी रागावून फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी स्कूलमध्ये हजर झाल्या. त्यांना एक पुरुष शिक्षक मिळाला, चांगला होता, फक्त सारखा 'सोडा, सोडा, क्लच सोडा' ओरडायचा. दोनदा मी मागच्या सीटवर बसून गेले. मागे गप्प बसणं मला केमोइतकंच जड गेलं. परीक्षेत मॅडमची गाडी चढावर बंद पडली आणि त्या नापास झाल्या. दुसऱ्या खेपेला पास झाल्या. फोन करून एवढंच म्हणाल्या, "मॅडम, थरथरली. मग काढली."

उपचार संपून आता दीड वर्ष होत आलंय. रोज एक गोळी असते, तपासणीच्या तारखा असतात, आणि तारीख जवळ आली की दोन दिवस माझं कुणाशी पटत नाही. केस कुरळे आलेत, आधी सरळ होते. पायांची बोटं हळूहळू परत आली. एक करंगळी आली नाही, ती राहू दे. डाव्या सीटवर परत बसायच्या आधी मी मालकांना उजवीकडे बसवलं, रिकाम्या मैदानात, आणि ते सांगतील तेव्हा ब्रेक दाबून दाखवला, ते थांबा म्हणेपर्यंत. नणंद परत बोलायला लागली आहे. तिला वाटतं तिने सांगितलं तसं मी मन घट्ट केलं म्हणून बरी झाले. मी वाद घालत नाही. माझं बळ मी राखून वापरते.

पण एका गोष्टीवर मी अजून वाद घालते. ओळखीचे लोक विचारतात, या आजाराने तुला काय शिकवलं? त्यांच्या चेहऱ्यावर एक तयार उत्तर असतं, ते मी द्यावं असं त्यांना वाटतं. मी म्हणते, काही नाही शिकवलं. त्याने मला ओकायला लावलं, माझ्या सासूला दुधी खायला लावला, माझ्या नवऱ्याला दारात उभं केलं. शिकवणं माझं काम आहे. ते श्रेय मी त्याला देणार नाही.

सध्या माझ्याकडे एक निवृत्त गणिताच्या शिक्षिका शिकायला येतात, विक्रोळीच्या. त्या गिअर बदलताना डोळे मिटून घेतात. मी म्हणते, "बाई, उघडा डोळे." त्या म्हणतात, "उघडे असले की भीती वाटते." मी म्हणते, "वाटू दे. उघडे ठेवून वाटू दे." काल पहिल्यांदा त्यांनी डोळे उघडे ठेवून दुसऱ्या गिअरवरून तिसरा टाकला आणि समोरच्या बसकडे बघत राहिल्या.